पूर्व कपाटाची निळी तार

सुज्ञ वाचकहो, पुढील कथेत एका मनुष्याचे बंद दाराआड अडकणे, दोन कपाटांची गाठ सुटणे आणि एका शब्दाने उडवलेली धांदल, हे सर्व यथाक्रम निवेदन करण्यात येईल.

मी एका रुग्णालयाच्या तळघरातील यंत्रकक्षाचा राखणदार आहे. या कक्षास खिडकी नाही. यंत्रे तापू नयेत म्हणून आत सदैव गारठा आणि पंख्यांची घरघर असते. मनुष्याने तेथे स्वेटर घालावा व ओरडूनच बोलावे. वरच्या मजल्यांवर रुग्णांच्या पोटाची, छातीची जी चित्रे काढली जातात, ती येथील लोखंडी कपाटातल्या यंत्रात साठतात. जुने कपाट थकले, म्हणून नवे आणून सर्व चित्रे त्यात उतरवण्यात आली. तोवर दोघांची गाठ बांधलेली होती. एकात लिहिले की दुसऱ्यात उमटे, एकातले पुसले की दुसऱ्यातलेही पुसले जाई. ओळख पटावी म्हणून मी स्वहस्ते जुन्यावर 'पूर्व' आणि नव्यावर 'उत्तर' अशा चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरांत डकवल्या होत्या.

हे उतरवण्याचे काम माझ्या वहिनीकडे होते. ती त्याच रुग्णालयात वर संगणक विभागात बसते आणि भिंतीवरच्या फोनवरून मला आज्ञा देते.

"भावजी, क्रम विसरायचा नाही," ती म्हणाली. "आधी सगळं उतरलंय का ते पडताळायचं, मग गाठ सोडायची, आणि मगच जुनं पुसायचं. गाठ असताना पुसलंत तर नव्याचंही वाटोळं."

त्याच दिवशी आमच्या ताईच्या पोटाची शस्त्रक्रिया होती. आई गेल्यावर ताईनेच मला लहानाचे मोठे केले. आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "मला आत नेतील तेव्हा दाराशी उभा राहा. तुझं तोंड दिसलं की मला झोप लागेल." मी मान डोलावली होती.

सकाळी पडताळणी झाली. वहिनीने वरून गाठ सोडली. नंतर ताईच्या पोटाची ताजी चित्रे निघाली आणि ती अर्थातच एकट्या नव्या कपाटात आली. जुने पुसण्याचे काम दुपारवर ठेवून मी ताईकडे निघालो. दाराला कार्ड लावले. तांबडा दिवा लागला. पुन्हा लावले, पुन्हा तांबडा. आतली मूठ ओढली, तर ती मुळासकट माझ्या हातात आली.

कार्ड कोणाचे ओळखावे, हे दाराचे कुलूप आजवर जुन्या कपाटाला विचारत असे. ही गोष्ट कोणाच्याच ध्यानी नव्हती. गाठ सुटताच जुने कपाट मुके झाले आणि कुलपाला मी परका झालो.

"वहिनी, मूठ हातात आली."

"मग आता हाताची घडी घाला, शास्त्रीबुवा. कुलूपवाल्याला बोलावते. त्याला वेळ लागेल."

"ताईला न्यायची वेळ झालीय!"

"माहितीये हो मला," ती हळू आवाजात म्हणाली.

दाराबाहेर व्यवस्थापकसाहेब आणि वायरमन येऊन ठेपले. साहेबांनी दारावर थाप मारली. "अरे, गाठ परत बांध की! जुनं बोलायला लागलं की दार उघडेल. पडद्यावर बटण आहे ना?"

बटण खरोखरच होते. मी त्यावर बाण नेला. पडद्याने विचारले, 'जुन्यावरून नवे पुन्हा भरले जाईल. पुढे जायचे?' ते मी फोनवर वाचून दाखवले.

"हात मागे घ्या!" वहिनी ओरडली. "नव्यात सकाळपासून जे आलंय ते सगळं जाईल. ताईंची चित्रंसुद्धा. सर्जनने काय अंदाजपंचे कापायचं?"

मी हात काखेत दडवला. पण बाहेरून साहेबांचा आवाज आला, "राहू दे, घाबरट! माझ्या खोलीतूनही दाबता येतं." आणि त्यांची पावले जिन्याकडे गेली. मनुष्य वाईट नव्हता. कोंडलेल्याला सोडवावे, एवढीच त्यांची बुद्धी.

"वहिनी, साहेब वरून दाबायला निघाले!"

"अगं बाई! भावजी, पूर्वची निळी तार उपसा. तार नसली की कुणी काही दाबो, गाठ बसणार नाही."

"पूर्वची निळी तार?" मी ओरडून विचारले. "पूर्वेची ना?" ते ऐकून दाराबाहेरून वायरमन मदतीस धावला. "म्हणजे जिन्याच्या अंगाची! उजवीकडची!"

निळी तार दोन्ही कपाटांना होती. मी उजवीकडे झेपावलो, तार मुठीत धरली आणि वर पाहिले. समोर माझीच सुवाच्य चिठ्ठी होती: 'उत्तर'. दैवगती अशी, की जुने कपाट पश्चिमेच्या भिंतीशी उभे होते.

"वहिनी! पूर्व दिशेचं की काळाचं?"

"अहो, जुनं! जुनं कपाट! साधं 'जुनं' लिहायला काय झालं होतं तुम्हाला?"

मी पश्चिमेकडे धावलो आणि तार उपसली. पडद्यावरचे बटण राखाडी झाले. वेळेत बाहेर पडण्याची उरलेली वाट मी स्वहस्ते बंद केली होती. पंखे घरघरत राहिले. मी तुटकी मूठ घेऊन जमिनीवर बसलो. भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या.

काही वेळाने फोन वाजला. "ताईंना आत नेलं. तुम्हाला शोधत होत्या," वहिनी म्हणाली. "नव्या कपाटाकडे बघत बसा," एवढे सांगून तिने फोन ठेवला.

मी पाहत बसलो. बऱ्याच वेळाने नव्या कपाटाचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. वर कोणीतरी चित्र उघडले होते. मी उठलो आणि तो दिवा लुकलुके तोवर उभाच राहिलो. दारापाशी नव्हे, पण उभा.

कुलूपवाल्याने दार उघडले तेव्हा ताई शुद्धीवर आली होती. मला पाहून ती पुटपुटली, "दाराशी उभा राहा म्हटलं होतं, दाराआड बस नव्हे."

मी दोन्ही चिठ्ठ्या सोलून काढल्या आहेत. आता तेथे 'जुनं' आणि 'नवं' असे लिहिले आहे.

इथवर माझ्यासोबत त्या गारठ्यात थांबलात, याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
शास्त्रीबुवा, यंत्रकक्षाचा राखणदार