अकरानंतरचा उजेड

सरांनी हिरव्या करीची पहिली पळी नवीच्या भातावर वाढली आणि ताईंनी पुढे केलेली ताटली तशीच हवेत राहिली. क्षणभरच. मग ताईंनी ती खाली ठेवली आणि जणू त्यासाठीच हात लांबवला होता अशा थाटात पेपर नॅपकिन उचलला.

दातांच्या त्या लॅबमध्ये माणसं चार. मालक म्हणजे सर, साचे ओतणारे भाऊ, सिरॅमिकचे दात घडवणाऱ्या ताई आणि त्यांच्या हाताखाली आठ महिन्यांपूर्वी आलेली, तरी अजून नवीच म्हटली जाणारी नवी. अवघड काम पार पडलं की सर सगळ्यांना बाहेर जेवायला न्यायचे. पदार्थ मधे ठेवायचे आणि जिचं काम, तिला पहिली पळी. गेली एकोणीस वर्षं ती पळी ताईंच्याच ताटात पडत आली होती. आजची मेजवानी मात्र नवीने केलेल्या समोरच्या एका दाताची होती.

समोरचा एकच दात करणं म्हणजे घाम काढणारं काम. शेजारी खरा दात उभाच असतो, चुगली करायला. दाढेचं तसं नाही, दाढ कोण बघतंय? म्हणून लॅबमध्ये खिडकीजवळचं टेबल समोरच्या दातांसाठी, कारण रंग दिवसाच्या उजेडातच जुळवायचा असतो. आतली ट्यूबलाइटखालची टेबलं दाढांसाठी. खिडकीत ताई बसायच्या. आणि आज सकाळीच सर म्हणाले होते, "खिडकीच्या टेबलाचं जरा जेवताना बोलू."

तेव्हापासून ताई त्या 'जरा'चा अर्थ लावत होत्या.

"सूप घ्या ना, ताई," नवी म्हणाली. "गवती चहाचा वास काय मस्त येतोय!"

"घेते. मला हात आहेत."

भाऊंनी मान खाली घालून नूडल्सकडे लक्ष दिलं.

एवढी काय मोठी कारागीर लागून गेली, ताईंच्या मनात आलं. दोनदा दात परत आलेत हिचे. ताई रजेवर असताना नवी खिडकीत बसली होती आणि दोन्ही वेळा डॉक्टरांनी दात परत पाठवला होता, रंग जुळत नाही म्हणून. सर वैतागले तेव्हा ताई मोठ्या मनाने म्हणाल्या होत्या, "शिकेल हळूहळू." ते का बिघडलं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हॉटेलच्या मालकीणबाई हात पुसत आल्या आणि टेबलाशी उभ्या राहून तोंडभर हसल्या. सर खुर्चीतल्या खुर्चीत सरसावले.

"याच त्या पेशंट! मुद्दाम इथे आणलं तुम्हाला. ताई, तुमची नजर म्हणजे नजर. सांगा बघू, यातला आपला कोणता?"

ताईंनी चष्मा वर सरकवला. आयती संधी चालून आली होती. त्या अशा निरखून बघू लागल्या की बाईंना हसू धरून ठेवावं लागलं.

"डावा," ताई म्हणाल्या. "लगेच कळतंय. किंचित पिवळा मारतोय. आणि कडेला जाड झालाय, जीव नाही त्याच्यात."

मालकीणबाईंनी तोंडावर हात घेतला.

"अगं बाई! तो तर माझा स्वतःचा! केलेला हा, उजवा."

भाऊंना सुपाचा जोरदार ठसका लागला. सर आधी हसले, मग ताईंकडे बघून त्यांनी हसू आवरलं. ताईंचे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना.

"इथे दिवे पिवळे आहेत ना," नवी घाईघाईने म्हणाली. "दिव्याखाली दात बघूच नये, हे ताईंनीच मला पहिल्या दिवशी सांगितलंय."

मालकीणबाई उघड्या दारासमोर उभ्या होत्या. भर दुपारचा स्वच्छ उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. ते ताईंना दिसत होतं आणि नवीलाही. ताईंना वाटलं, हिने फिदीफिदी हसायला हवं होतं. ते सोसलं असतं.

बाई आत गेल्या. सरांनी घसा साफ केला.

"तर ते खिडकीच्या टेबलाचं. मी म्हणत होतो, नवीने आता..."

"नको सर, ताईंचंच राहू दे," नवी म्हणाली. "मला त्या खिडकीत जमतच नाही. सकाळी जुळवलेला रंग दुपारी वेगळाच दिसतो. का, ते कळेचना. म्हणून हा दात मी गच्चीवर नेऊन जुळवला. सात वेळा."

"चार मजले चढून?" भाऊंनी डोळे मोठे केले.

"मग काय करणार?"

ताईंनी फक्त गप्प बसायचं होतं. टेबल त्यांचंच राहत होतं, तेही नवीच्याच तोंडून. त्यांनी भाताचा घास उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"अकरा वाजले की पडदा ओढायचा," त्या म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"अकरानंतर समोरच्या विटांच्या भिंतीवर ऊन येतं. तिची तांबूस झाक खिडकीतून दातावर उतरते. तो पांढरा पडदा त्यासाठीच लावलाय मी."

"तुम्ही तर म्हणायचात, ऊन डोळ्यांवर येतं म्हणून," सर म्हणाले.

"म्हणायचे खरी."

नवीचा चमचा थांबला.

"म्हणजे माझे ते परत आलेले दोन..."

"हो," ताई म्हणाल्या. "तेव्हाही मला माहीत होतं."

नवी पाणी प्यायली आणि तिने ग्लास अगदी हळू खाली ठेवला.

"सर," ती म्हणाली, "उद्यापासून मी खिडकीत बसते."

सरांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली, मग पळी उचलली आणि बुडाशी राहिलेली करी आपल्या हातांनी वाढून घेतली.

"जपून हं ताई, सगळ्या मिरच्या खालीच बसल्यात," भाऊ म्हणाले. "तिखटजाळ लागेल."

"लागू दे," ताई म्हणाल्या. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसावं लागू नये म्हणून त्यांनी लगेच दुसरा घास घेतला.