मास्तरांचा हळू लॅपटॉप

जावयाने लॅपटॉप उलटा करून त्याच्या पोटावर तळहात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

"आई, यावर इस्त्री होईल तुमची."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "पाचच्या आत होईल ना नीट? यांची शिकवणी असते."

"होईल की. नुसता ताप आलाय त्याला."

जावई एका इस्पितळाच्या कार्यालयात संगणक सांभाळायचा आणि सासरी आला की तेच काम फुकट करायचा. सासऱ्यांना घरीदारी सगळे मास्तर म्हणत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गणिताची खोड गेली नव्हती. रोज संध्याकाळी लॅपटॉपवरून मुलांना शिकवत. पूर्वी मुलांच्या चेहऱ्यांनी पडदा भरून जायचा, आता पाच-सहाच उरली होती. 'प्रश्न विचारला की सर बराच वेळ नुसते बघत बसतात,' असं कुणा पालकाने कळवलं होतं. दोष लॅपटॉपचा आहे, असं सासूबाईंनी जावयाला फोनवर ठणकावून सांगितलं आणि बोलावून घेतलं. शिकवणी बंद पडली तर मास्तर दिवसभर काय करतील, हे त्या बोलल्या नाहीत, पण जावयाला ते आवाजावरून कळलं होतं.

मास्तर फिरायला गेले होते. जावयाने लॅपटॉपवर काय काय चालू आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला आणि त्याला मनापासून बरं वाटलं. दुसऱ्याच्या घरातला पसारा आवरण्यात जी मजा असते ती स्वतःच्या घरात नसते. दोन अँटिव्हायरस एकमेकांवर डोळे वटारून बसले होते. कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा मदतनीस प्रोग्रॅम अजून इमानेइतबारे प्रिंटरची वाट बघत होता. फोटो इंटरनेटवर चढवणारा एक, हवामान सांगणारा एक. लॅपटॉप सुरू केला की ही सगळी मंडळी आपोआप सुरू होत आणि मागे गुपचूप खात बसत.

"यातलं काय काय लागतं हो बाबांना?"

सासूबाईंनी पडद्यावरची नावं पाहिली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणाल्या आणि वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेल्या.

यादीत सगळ्यात वर एक अनोळखी नाव होतं. अर्धा प्रोसेसर ते एकट्याने गिळत होतं. वर माइक सतत उघडा ठेवून घरातलं सगळं बोलणं ऐकत होतं. जावयाच्या अंगावर काटाच आला. म्हाताऱ्या माणसांना बरोबर गाठतात हे चोर! त्याने तो प्रोग्रॅम बंद केला, मुळासकट उपटून काढला आणि मग बाकीच्यांचीही हकालपट्टी केली. पंख्याची घरघर थांबली. बोट लावताच खिडक्या उघडू लागल्या. जावयाची छाती फुगली.

मास्तर आले, हातपाय धुऊन टेबलाशी बसले आणि शिकवणी सुरू केली. जावई कौतुक ऐकायला जवळच रेंगाळला. मुलांची तोंडं लख्ख दिसत होती, आवाज खणखणीत येत होते. मास्तर मात्र पुन्हा पुन्हा पडद्याच्या तळाशी बघत होते. तिथे काहीच नव्हतं.

"सर, दोन्ही बाजूंना शून्याने भागलं तर चालेल का?" एका मुलीने विचारलं.

मास्तर तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग मान डोलावून म्हणाले, "शाब्बास. अगदी बरोबर."

मुलं खिदळली. एकाने तर तोंडात वही कोंबली. मुलं का हसताहेत ते न कळून मास्तरही थोडेसे हसले. शून्याने भागणाऱ्याला या माणसाने एके काळी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

मास्तरांनी पुस्तकातली दोन गणितं सोडवायला दिली, शिकवणीचा माइक बंद केला आणि जावयाकडे वळले.

"तुम्ही यातलं काय काढलंत?"

जावई सांगू लागला. मास्तरांनी त्याला मध्येच थांबवलं आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. "लिहा."

पेन्सिल हातात आली तसं जावयाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तरी त्याने लिहिलं: 'चोरून ऐकणारा एक प्रोग्रॅम होता. तो.'

मास्तरांनी वाचलं. "चोरून नाही हो. माझ्यासाठी ऐकायचा तो. समोरचं बोलणं खाली लिहून दाखवायचा."

जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने तो प्रोग्रॅम परत उतरवायला लावला. तो उतरत असताना मास्तर त्याच्याकडे झुकले आणि कुजबुजले. निदान आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटलं असावं. प्रत्यक्षात तो आवाज गच्चीपर्यंत गेला असता.

"हिला कळू देऊ नका. उगाच जिवाला लावून घेईल."

सासूबाई घडी केलेले कपडे छातीशी धरून त्यांच्या मागेच उभ्या होत्या.

प्रोग्रॅम सुरू झाला. पडद्याच्या तळाशी काळी पट्टी उमटली. मागचे खादाड गेल्यामुळे आता त्याला सगळा लॅपटॉप मोकळा होता. मुलं खाली माना घालून गणितं सोडवत होती. सासूबाई जावयाच्या कानाशी आल्या.

"आता वेळेवर येतात ना हो अक्षरं?" त्या हळूच म्हणाल्या. "जेवतानाही हा लॅपटॉप समोर असतो यांच्या. आधी मला राग यायचा, मग समजलं. पण फार मागे पडायची हो अक्षरं. मी काही बोलले की यांचं उत्तर येईपर्यंत माझं जेवण उरकलेलं असायचं. म्हणून तर बोलावलं तुम्हाला."

जावयाने घाईघाईने पडद्याकडे बोट केलं. शिकवणीचा माइक बंद होता, पण लॅपटॉप ऐकतच होता. मुलांच्या चेहऱ्यांखाली सासूबाईंचं बोलणं शब्दामागून शब्द उमटलं होतं, अगदी 'बोलावलं तुम्हाला' पर्यंत.

मास्तरांनी ते वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. सासूबाईंनी कपडे आणखी घट्ट धरले.

मास्तर वळले नाहीत. पट्टीवरची नजर न काढता म्हणाले, "बोल की अजून काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही बोल."

सासूबाईंनी हातातल्या कपड्यांकडे पाहिलं.

"तुमचा एकच मोजा आहे यात. दुसरा कुठे टाकलात?"

"पलंगाखाली असेल," मास्तर म्हणाले. लगेच म्हणाले.