गेटर, सेटर आणि तुळसामावशी

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, हा दत्तप्रसादाचा जन्माचा स्वभाव. मालवणात एका माडीवर तो आणि संचिता मिळून मोबाइलचा गेम बनवत होते. नारळी पौर्णिमेला जेटीवर नारळ लढवतात ना, तोच खेळ. ज्याचा नारळ फुटला तो हरला. पण प्रोग्रॅममध्येही ह्या गड्याची वाट वाकडीच. नारळाची ताकद नुसती बघायची तरी मध्ये 'गेटर' नावाची वेगळी आज्ञा, कमी करायची तर 'सेटर' नावाची दुसरी. नुसत्या एका टकरीला ओळींचा हा पसारा!

"ह्या काय रे?" संचिता म्हणाली. "सरळ 'नारळ डॉट ताकद' लिही, फुडे बरोबरचा चिन्ह आणि आकडो. एका ओळीत काम होता."

"आणि कोणी भलतोच आकडो घातल्यान तर? मधी तपासूक कोणतरी व्हयो ना!"

"तपासणी नारळाच्या आतच रवता. एकदा लिवन ठेवची. भायर नुसता नाव. मधलो माणूस कित्याक?"

दत्तप्रसादाने मान डोलावली, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. संचिताला पुण्याच्या एका कंपनीने बोलावलं होतं आणि आज संध्याकाळपर्यंत तिला हो-नाही कळवायचं होतं. कॉलेजपासून ती त्याला आवडायची, आणि आता ती जाणार होती. पण स्वतः बोलेल तर तो दत्तप्रसाद कसला? त्याने आपल्या तुळसामावशीला गाठलं. मावशीने संचिताच्या आईला विचारलं, आईने बाबांना. उत्तर त्याच वाटेने परत आलं: चेडवाच्या, म्हणजे मुलीच्या, मनात लग्न नाही. तेव्हापासून स्वारी सुतकी चेहरा घेऊन बसली होती.

"तुका झाला तरी काय?" शेवटी संचिताने विचारलं.

"काय नाय. तुझा उत्तर माका मावशीन सांगल्यान."

"खयचा उत्तर?"

"लग्नाचा."

संचिताचे कीबोर्डवरचे हात थांबले. मग तिचा पारा चढला. "माका कोणी इचारल्यान? माझ्या मनात काय आसा ता बाबांक कसा कळतला? रोज माझ्या बाजूक बसतंस, तुका तोंड नाय?"

दत्तप्रसादाला एकदम हायसं वाटलं. "म्हणजे तू हयच रवतलंस?"

"नाय. पुण्याक जातलंय. माका ता काम करूचा आसा."

बिचाऱ्याचा चेहरा पुन्हा उतरला.

"तू येतलंस?" संचिताने विचारलं.

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्याने स्वतःलासुद्धा नाही. सवयीने त्याने दाराकडे पाहिलं. दारात कुणीही नव्हतं. 'मावशीक इचारून सांगतंय' हे वाक्य ओठांपर्यंत आलं, ते त्याने कसंबसं गिळलं.

"येतलंय!" तो म्हणाला, आणि इतक्या मोठ्याने म्हणाला की खालच्या औषधांच्या दुकानातून दुकानदार बाबू ओरडला, "कोण येता रे?"