पहाऱ्यातली अकरा मिनिटं

निष्कर्ष आधीच मनात ठरू नये म्हणून सहा वर्षं झाकून ठेवलेला प्रयोगाचा डेटा अखेर उघडला, तेव्हा चैतालीच्या पडद्यावर तीन खुणा होत्या.

परदेशातल्या प्रयोगशाळेत प्रोटॉनचा झोत लोखंडाच्या जाड ठोकळ्यावर आदळायचा. बहुतेक कण तिथंच अडत. कशालाच सहसा न शिवणारा एखादा अज्ञात कण मात्र आरपार जाऊन मागच्या रिकाम्या दालनात फुटेल, या आशेवर तिच्या पुण्यातल्या गटाचे प्रमुख रंगनाथ सर यांची अठरा वर्षं गेली होती. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. तसं काही फुटल्याच्या खुणा पाहून त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत राहिले.

चैतालीनं वेळा तपासल्या. तिन्ही खुणा एकाच दुपारच्या, अकरा मिनिटांतल्या. तारीख तिनं दोनदा वाचली.

त्या दुपारी पहारा तिचा होता. कोथरूडच्या खोलीतून ती तिथल्या यंत्रांवर लक्ष ठेवत होती. विश्रांतवाडीहून आईचा फोन आला, "बाबा पडलेत गं, उठत नाहीयेत." ती जिन्यात उभी राहून अँब्युलन्ससाठी फोन करत राहिली. मग नोंदवहीत घाईनं 'सर्व ठीक' लिहून निघाली. संध्याकाळी बाबा गेले.

आता तिनं यंत्रांच्या नोंदी खणून काढल्या. दालनात शिरणारे साधे कण ओळखून बाद करणारं यंत्र तेवढी अकरा मिनिटं बंद होतं. लाल इशारा लागला होता. बघायला कुणी नव्हतं. तिच्या 'सर्व ठीक'वर विसंबून ती मिनिटं कुणी वगळलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती सरांसमोर बसली. "सर, ते नेहमीचे साधे कणच आहेत, म्यूऑन. मी जागेवर नव्हते. नोंद खोटी लिहिली."

"वडील गेले, त्या दिवशी?"

"हो."

सरांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. "प्रयोगशाळेला पत्र लिही. माझीही सही घे. पण आज माझ्यासमोर बसू नकोस."

पेपर छापून आला. काही सापडलं नाही, असा. प्रयोगशाळेनं पुण्याच्या गटाकडून पहारे काढून घेतले. निरोपाच्या दिवशी सर तिच्याशी बोलले नाहीत.

तिनं आईला सगळं सांगितलं. ललिताबाई म्हणाल्या, "मी तेव्हा फोन करायलाच नको होता का?"

"काहीतरीच काय, आई," चैताली म्हणाली. पण तिला बोलायला क्षणभर उशीर झाला होता, आणि तो आईला कळला.