मिशी येईपर्यंत

आईला घाटावर नेलं त्या दिवशी चंपतराव काकांनी न्हाव्याला पुढे घालून बाबांचं डोकं आणि मिशी दोन्ही सफाचट करवली. मला भाऊ नाही, म्हणून अग्नी बाबांनीच दिला. ती मिशी त्यांच्या लग्नाच्याही आधीची. पण काकांना रीतीचा भारी पुळका. आई दवाखान्यात होती तेव्हा मात्र त्यांना काटोलहून यायला एकही बस सापडली नव्हती. संध्याकाळी बाबांनी फोन तोंडासमोर धरला आणि फोनने त्यांना ओळखलं नाही.

फोन उघडायचा नंबर फक्त आईला ठाऊक होता. बाबा आकडे विसरतात, म्हणून तिनेच चेहरा दाखवून उघडायची सोय करून दिली होती. "नंबर माह्याजवळ राहू द्या, तुम्ही फक्त थोबाड दाखवत जा," असं ती म्हणायची. मधूनच फोनने नंबर मागितला तर तीच टाकायची.

त्या फोनमध्ये आईचा पाळणा आहे. मला सातवा महिना लागला होता. बारशाला आपण नसणार हे तिला कळून चुकलं होतं. म्हणून दवाखान्याच्या खाटेवर बसून, सगळ्यांना खोलीबाहेर काढून, तिने स्वतः रचलेला पाळणा बाबांच्या फोनमध्ये म्हणून ठेवला. मी म्हटलं, लगेच मला पाठव. तर म्हणाली, "लेकरू पोटात असताना पाळणा ऐकत नाहीत वं. बारशालेच ऐकजो." आणि मी, बँकेत नोकरी करणारी, जगाला अक्कल शिकवणारी बाई, गुमान ऐकलं. त्या गुमान ऐकण्याचा मला इतका संताप येतो की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

जन्मतारखा, लग्नाची तारीख, जुन्या स्कूटरचा नंबर, जे सुचेल ते टाकून पाहिलं. प्रत्येक चुकीनंतर फोन आणखी जास्त वेळ अडून बसायचा. मग मी काजळाने बाबांना मिशी काढली. ते हनुवटी वर करून शहाण्या पोरासारखे बसले होते. आधी मला हसू फुटलं, त्यांनाही फुटलं, आणि फोन काही उघडेना तेव्हा दोघंही रडलो. काजळ ओघळून त्यांच्या ओठांवर आलं.

सीताबर्डीतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराने फोन उलटसुलट करून पाहिला.

"उघडून देतो मॅडम, पण आतलं सगळं साफ होऊन जाते."

"आणि मिशी परत वाढल्यावर? मग तर ओळखेल ना?"

"नाही ना जी. आता हा पह्यले नंबरच मांगते. तो टाकल्याशिवाय चेहऱ्याकडे पाहतच नाही, मिशी येवो का न येवो."

मी त्याच्याशी भांडले. त्या बिचाऱ्याचा काय दोष होता? पण कोणाशी तरी भांडायचंच होतं. सक्करदऱ्याच्या घरापर्यंत ऑटोत रडत आले.

बाबा दारातच उभे होते. तेरवी होऊन गेली तरी त्यांच्या पोटात धड अन्न जात नव्हतं. खरं सांगायचं असं ठरवूनच मी उतरले होते.

"काय म्हने दुकानवाला?"

"मिशी येऊ द्या म्हणाला," मी बोलून गेले.

त्या दिवशी बाबा पोटभर जेवले. तेव्हापासून रोज सकाळी आरशासमोर उभे राहून विचारतात, "किती आली वं, चिन्मयी?" मी बोटांत माप दाखवते. माझे दिवस भरत आलेत आणि मला ते खोटं मागे घेता येत नाही.

काल त्यांनी चौकड्यांचा शर्ट घातला. खुर्ची खिडकीपाशी, उजेडात ओढली. बोटांनी मिशी सारखी केली आणि फोन समोर धरला. मी थांबवायला हवं होतं. फोनने नंबर मागितला. त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, जरा हसूनही पाहिलं. मग फोन हलकेच मांडीवर ठेवला.

"अजून पह्यल्यासारखी दाट नाही झाली," ते म्हणाले. "बारशापर्यंत होईन ना वं?"

"होईल बाबा," मी म्हणाले.