मायराचा पहिला नाताळ

विसरवाडीच्या घरात काजल आणि ललित त्यांच्या लेकीचा, मायराचा, पहिला नाताळ कसा करायचा ते ठरवत बसले होते. दारात कागदी तारा, सकाळी चर्च, दुपारी कोंबडी-भाकरी, एवढं झटकन ठरलं. मग ललित म्हणाला, "तुझ्या आईला बोलव ना."

काजलने ख्रिस्ती घरात लग्न केलं, तेव्हापासून सारंगखेड्याच्या माहेरून कुणी इकडे फिरकलं नव्हतं. तरी तिने धीर करून फोन लावला.

"आई, पंचवीस तारखेले पोरगीना पहिला सण शे. येशी का?"

पलीकडून सरलाबाई म्हणाल्या, "तुन्हा बाप विचारी ऱ्हायना, पोरगी कोनासारखी दिसस?"

"आप्पासारखीच," काजल कशीबशी म्हणाली.

"मंग त्यासले बी संगे लई येसू. पन तुमना सणले काय आनतस, माले ठाऊक नही."

"दिवाळीले करस त्या सांजोऱ्या आन, आई."

नाताळच्या सकाळी आई-आप्पा दोघं पहिल्या एसटीने आले. चर्चमध्ये आप्पा अवघडून शेवटच्या बाकावर बसले. मायरा रडायला लागली, तेव्हा त्यांनीच पुढे होऊन तिला खांद्यावर घेतलं.