लावलेलं फाटक

आमच्या ह्यांना उघडं दार बघवत नाही. लिफ्टदुरुस्तीचं काम, दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की लोकांच्या घरातली कपाटंसुद्धा लावत सुटतात. मी डोकं आपटून थकले.

सासूबाईंना कायमचं आमच्याकडे घेऊन निघालो होतो. त्यांचं घर विकून झालं, सामान वाटून झालं. उरला एक म्हातारा कुत्रा, शेठ. वाटेभर त्या ‘तुमच्या घरी’, ‘तुमच्या घरी’ करत होत्या आणि मला ते दर वेळी टोचत होतं. मुक्कामाला एका बाईंच्या शेतावर तंबू लावायची सोय होती. ह्यांनी पहिल्या खुंटीवर हातोडा घातला मात्र, शेठ बिचकून जो पळाला तो दिसेनासाच झाला.

हे धावत खालच्या कुरणात बघून आले. तिथे नाही म्हणाले. गाईंना घाबरतात, काय डोंबल बघणार! मग आम्ही हमरस्त्याच्या कडेने ‘शेठ, शेठ’ ओरडत फिरलो. ट्रकवाले वळून वळून बघत होते. एरवी मी हसून लोळले असते, पण प्रत्येक ट्रक गेला की मी आधी त्याच्या चाकांखाली बघत होते.

परत आलो तर सासूबाई गाडीतच बसलेल्या, हातात रिकामा पट्टा. म्हणाल्या, “घर गेलं त्याचं एवढं वाटलं नाही गं. आता माझं म्हणावं असं काही राहिलं नाही.”



तेवढ्यात शेतमालकीणबाई तणतणत आल्या. धारा काढायची वेळ टळून चालली होती आणि गाई कुरणातच हंबरत होत्या. फाटक दिवसभर उघडं असतं, गाई आपापल्या गोठ्यात येतात. ते लावलं कुणी, असं त्यांनी विचारलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बाईंनी फाटक उघडलं. तटतटलेल्या कासा सांभाळत गाई एकेक करून निघाल्या, आणि सगळ्यांच्या मागून, पोटापर्यंत चिखलाने माखलेले, आमचे शेठ! जणू गुरं त्यांनीच वळून आणली होती. मी तिथेच बसकण मारली आणि भडाभडा रडले.

बाईंचा राग उतरला. “कुरणाला चहूकडून जाळी आहे,” त्या म्हणाल्या. “वाट ही एवढीच, आणि ती गोठ्यावरून पुढे सरळ हमरस्त्याला जाते. फाटक लावलं नसतं तर हा गेलाच होता.”

तंबूत शेठ सासूबाईंना चिकटून घोरू लागला. हे दाराची चेन लावता लावता थांबले आणि सवयीने माझ्याकडे बघू लागले.

“लाव रे,” सासूबाई म्हणाल्या. “आणि आपल्या घरी पोचलो की याच्यासाठी एक फाटक करून घे.”

“लावा,” मी म्हटलं, “अगदी वरपर्यंत लावा.”